देम: दोनशे माणसांच्या खोलीतून निघालेला बँड

गिटार शिकायला लागलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात जी गाणी वाजवता येतात, त्यात ‘ग्लोरिया’ हमखास असतं. ई, डी, ए. तीन कॉर्ड, तेही एकमेकांच्या शेजारचे. ई वर थोडं थांबायचं, मग डी आणि ए झटकन घेऊन परत ई वर यायचं, आणि गाणं संपेपर्यंत हेच. मीही तसंच शिकलो. बोटांच्या टोकांना फोड आले होते, ए चा कॉर्ड धड लागत नव्हता, तरी गाणं ओळखू येत होतं. शिकवणाऱ्या मित्राला विचारलं, गाणं कुणाचं? तो म्हणाला, डोअर्सचं. काही वर्षांनी दुसऱ्या कुणी सांगितलं, पॅटी स्मिथ या गायिकेचं. ते होतं बेलफास्टच्या ‘देम’ नावाच्या बँडचं, आणि हे कळायला मला इतकी वर्षं लागली याचं कारणही या प्रकरणातच दडलेलं आहे.

आधी तारखा. 17 एप्रिल 1964 ला बेलफास्टमध्ये या नावानं पहिला कार्यक्रम. 1965 उजाडता उजाडता ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत दहावा क्रमांक. त्याच वसंतात दुसरा क्रमांक. 1966 च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा दौरा, आणि परत आल्यावर दोन कार्यक्रम करून बँड फुटला. सगळं मिळून सव्वादोन वर्षं. एवढ्या वेळात देमची दोन गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहात गेली, दोन एलपी निघाल्या, आणि जगभरच्या गॅरेजमध्ये वाजणारं एक गाणं तयार झालं. मग तुटलं काय?

सर्रास मिळणारं उत्तर असं: गायक व्हॅन मॉरिसन फार मोठा कलावंत होता, बाकीचे सामान्य होते, तो त्यांना मागे टाकून पुढे गेला. मॉरिसनची पुढची कारकीर्द पाहिली की हे उत्तर पटतं. पण ते शेवट माहीत असलेल्या माणसाचं उत्तर आहे. 1964 च्या एप्रिलपासून एकेक पाऊल तपासलं, तर बँड कसा मोडला याची वेगळीच गोष्ट दिसते. माझ्या मते देम मोडायला सुरुवात झाली ती पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी, पहिलं गाणं गाजायच्या आधीच.

शोबँडचा जमाना

तेव्हाच्या आयर्लंडमध्ये बीट ग्रुप, म्हणजे गिटार आणि ड्रमवर चालणारा देमसारखा छोटा बँड, काय चीज होती हे कळायला आधी शोबँड कळायला हवेत. आपल्याकडे एकेकाळी गावोगावी ऑर्केस्ट्रा असायचे तसंच हे. सात-आठ-दहा जण, एकसारखे सूट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि रेडिओवर गाजणारं प्रत्येक गाणं जसंच्या तसं वाजवायचं. नाचायला आलेल्या माणसाला रेकॉर्डवर ऐकलेलं गाणंच हवं असे, आणि ते देण्यात ही मंडळी तरबेज होती. वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडसाठी हॉल ओसंडून वाहत. उत्तर असो वा दक्षिण, आयर्लंडमध्ये वाद्य वाजवून पोट भरायचं तर शोबँड हाच राजमार्ग.

मॉरिसन त्याच रस्त्यानं आला. जन्म 1945 चा, घर पूर्व बेलफास्टमध्ये हिंडफर्ड स्ट्रीटवर. वडील हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत इलेक्ट्रिशियन. काही काळ ते अमेरिकेत डिट्रॉइटला कामाला होते. त्यांचा ब्लूज आणि जॅझ या काळ्या अमेरिकनांच्या संगीताच्या रेकॉर्डचा संग्रह त्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आई गायची, नाचायची. गोदी कामगाराच्या त्या छोट्या घरात पोरगा लेडबेली आणि जॉन ली हूकर ऐकत वाढला. शाळा सोडल्यावर खिडक्या पुसायचं काम केलं आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवला. ‘मोनार्क्स’ नावाच्या शोबँडबरोबर 1963 मध्ये तो जर्मनीला गेला. तिथल्या क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री वाजवलं, आणि अमेरिकन लष्कराच्या तळांवरच्या काळ्या सैनिकांपुढे त्यांचंच संगीत वाजवलं. अठरा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा मोठी शाळा असू शकत नाही. परतला तेव्हा एकसारखा सूट घालून दुसऱ्याचं गाणं हुबेहूब वाजवण्यातला त्याचा रस संपला होता.

खलाशांचं वसतिगृह

बेलफास्टच्या कॉलेज स्क्वेअर नॉर्थवर मॅरिटाइम हॉटेल होतं. नावात हॉटेल, पण इमारत मुळात पोलिसांची, नंतर खलाशांचं वसतिगृह. आत एक हॉल, दोनशे माणसं मावतील असा. 1964 च्या वसंतात तीन जणांनी तिथं रिदम अँड ब्लूजचा क्लब सुरू करायचं ठरवलं आणि वादकांसाठी जाहिरात दिली. ती पाहून मॉरिसन पुढे आला. दुसरीकडे पूर्व बेलफास्टमध्येच ‘गॅम्बलर्स’ नावाचा एक बँड होता: गिटारवर बिली हॅरिसन, बेसवर ॲलन हेंडरसन, ड्रमवर रॉनी मिलिंग्ज, आणि कीबोर्डवर एरिक रिक्सन, जो अजून शाळेत होता. मॉरिसन या चौघांना येऊन मिळाला. हॅरिसन आधीपासून म्होरक्या, गातही तोच असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. देम हा मॉरिसननं जमवलेला बँड नव्हता. तयार बँडमध्ये शिरलेला तो पाचवा माणूस होता.

सराव एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर चाले. नाव रिक्सननं सुचवलं, 1954 च्या राक्षसी मुंग्यांच्या सिनेमावरून. आणि मग जाहिरातीची एक छान युक्ती झाली. 14 एप्रिलला बेलफास्टच्या वर्तमानपत्रात एवढंच छापून आलं: देम कोण? देम काय? शुक्रवारी उत्तर मिळालं, आज रात्री मॅरिटाइमला या. तिसऱ्या आठवड्यापासून हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

तिथं काय घडत होतं, हे या सगळ्या प्रकरणाचं हृदय आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

शोबँडच्या हॉलमध्ये माणसं नाचायला येत. मॅरिटाइमला ती बँड बघायला, ऐकायला येत. गाण्यांचा क्रम ठरलेला नसे. मॉरिसननं ‘ग्लोरिया’ लिहिलं होतं ते असं, की मधला भाग हवा तेवढा ताणता यावा. तीन कॉर्ड फिरत राहायचे आणि तो त्यावर बोलायचा, पुटपुटायचा, ओरडायचा, समोरच्या गर्दीकडे बघून तिथल्या तिथं ओळी रचायचा. गर्दी तापली की बँड चढवायचा, गर्दी थांबली की उतरवायचा. कधी कधी हे एकच गाणं वीस मिनिटं चाले. आपल्याकडे रंगलेल्या भजनात एका चरणावर अर्धा तास निघून जातो आणि कुणी घड्याळ बघत नाही, ती जातकुळी. मॉरिसननं पुढे स्वतः सांगितलं आहे की मॅरिटाइमला गाणी अधिक उत्स्फूर्त, अधिक जोरकस होत, कारण बँड गर्दीवर पोसला जात होता, आणि रेकॉर्ड करताना ते बाहेर फेकल्यासारखे झाले.

हे शहर कोणतं होतं तेही ध्यानात घ्यावं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, मॅरिटाइमपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या डिव्हिस स्ट्रीटवर एका खिडकीत लावलेल्या आयरिश तिरंग्यावरून दंगल पेटली आणि काही दिवस धुमसत राहिली. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पोरं एका छताखाली येऊन एकाच गाण्यावर ओरडतील, अशा जागा बेलफास्टमध्ये फार नव्हत्या. मॅरिटाइम शहराच्या मध्यावर होतं, कुठल्याच एका बाजूच्या मोहल्ल्यात नव्हतं. देमची ताकद पाच जणांत जेवढी होती तेवढीच या जागेत होती, असं मी म्हणतो ते यामुळे.

5 जुलै 1964

कुणा चाहत्यानं मॅरिटाइममध्ये टेप केलेलं गाणं मर्विन सॉलोमन यांच्यापर्यंत पोचलं. त्यांचे भाऊ फिल सॉलोमन लंडनमध्ये संगीत व्यवसायात मोठे, ‘बॅचलर्स’ या लोकप्रिय त्रिकुटाचे मॅनेजर. फिल सॉलोमन डेक्का कंपनीच्या डिक रो यांना घेऊन बेलफास्टला आले. बीटल्सना नाही म्हणणारा माणूस म्हणून ज्यांचं नाव कायमचं चिकटलं आणि ज्यांनी मग रोलिंग स्टोन्सना घेतलं, तेच हे रो. बँड ऐकला आणि करार झाला. मॉरिसन अजून सज्ञान नव्हता, त्यामुळे सही वडिलांनी केली. रिक्सनच्या घरच्यांनी सही द्यायला नकार दिला. पोरगा शाळेत आहे, म्हणाले. बँडला नाव देणारा माणूस पहिल्या रेकॉर्डच्या आधीच बाहेर पडला. त्याच्या जागी पॅट्रिक मॅकॉली आला.

पहिल्या कार्यक्रमाला उणेपुरे अकरा आठवडे झाले होते. 5 जुलैला बँड लंडनला, वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत. एका बैठकीत सात गाणी झाली, त्यातलं एक ‘ग्लोरिया’. रो यांना हे वादक कच्चे वाटले, म्हणून ऑर्गनवर आर्थर ग्रीन्स्लेड आणि ड्रमवर बॉबी ग्रॅहम हे लंडनचे पगारी कसबी वादक बसवले. मिलिंग्ज आणि मॅकॉली हेही स्टुडिओत होते, हातात काठ्या होत्या, बोटं कीबोर्डवर होती. पण त्यांच्या समोरचे माइक चालू होते की नाही, यावर आजही एकमत नाही. हेंडरसनचं म्हणणं शेवटपर्यंत असं की दोन्ही ड्रम रेकॉर्डवर आहेत आणि दोन ड्रमवाले वापरणारा देम हा पहिला रॉक बँड.

मला हा प्रसंग वाचल्यापासून तो मिलिंग्ज डोळ्यांपुढून हलत नाही. अकरा आठवडे ज्याच्या ठोक्यावर दोनशे माणसं उड्या मारत होती, तो जीव तोडून वाजवतो आहे आणि आपला आवाज तबकडीवर जाणार की नाही हे त्याला ठाऊक नाही. तो संसारी माणूस होता, पोरंबाळं होती. त्याच वर्षी त्यानं बँड सोडला.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. स्टुडिओचा वेळ महाग असे, चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. नवख्या बँडबरोबर कसबी वादक बसवणं ही लंडनमधली रोजची रीत होती. रो यांनी काही जगावेगळं केलं नाही. पण रीत म्हणून केलेल्या गोष्टीचाही परिणाम होतो. या बैठकीत एक गोष्ट सर्वांच्या मनात पक्की झाली: गायक आणि नाव हे देम, बाकीचे बदलता येतात.

चढण

पहिली तबकडी चालली नाही. दुसरी नोव्हेंबरात आली: पुढच्या बाजूला ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’, मागच्या बाजूला ‘ग्लोरिया’. पुढचं गाणं जुना डेल्टा ब्लूज. मॉरिसनला ते जॉन ली हूकरच्या रेकॉर्डवरून माहीत. गाण्याच्या तोंडाला जी गिटारची टोकदार, धावती ओळ आहे ती ऐकून आजही मान आपोआप हलते. या रेकॉर्डिंगला जिमी पेज साथीच्या गिटारवर होता. तो पुढे जगप्रसिद्ध झाल्यामुळे ही ओळ त्याचीच, असं लोक छातीठोक सांगू लागले. ती माझी आहे, मीच बसवली आहे, हे हॅरिसनला वर्षानुवर्षं सांगत राहावं लागलं. पुन्हा तोच प्रकार. बँडच्या माणसाचं काम बाहेरच्याच्या नावावर.

सॉलोमन यांनी त्यांचं काम चोख केलं. ‘रेडी स्टेडी गो’ या दूरचित्रवाणीवरच्या तरुणांच्या लाडक्या कार्यक्रमाची नांदी म्हणून हे गाणं दर आठवड्याला वाजू लागलं. गाणं दहाव्या क्रमांकावर गेलं.

मग आला न्यूयॉर्कचा बर्ट बर्न्स, ‘ट्विस्ट अँड शाउट’च्या दोन रचनाकारांपैकी एक. त्याचं ‘हिअर कम्स द नाइट’ देमनं रेकॉर्ड केलं. पण डेक्कानं तेच गाणं लुलू या गायिकेकडूनही गाऊन घेतलं आणि तिची तबकडी आधी बाजारात आणली. ती पन्नासाव्या क्रमांकावर अडकली. देमची मार्च 1965 मध्ये आली आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली, अमेरिकेतही चोविसावी. लुलूचं गाणं वर गेलं असतं तर आमचं कपाटातच राहिलं असतं, असं बँडच्या पोरांच्या मनात आलं नसेल? 11 एप्रिलला वेम्ब्लीला न्यू म्युझिकल एक्सप्रेसच्या विजेत्यांच्या मैफलीत देम वाजले. त्याच मंचावर बीटल्स, त्याच मंचावर रोलिंग स्टोन्स. मॅरिटाइमच्या पहिल्या रात्रीला एक वर्ष व्हायला सहा दिवस बाकी होते.

इथून पुढे ब्रिटनच्या पहिल्या दहात ते पुन्हा कधी आले नाहीत.

देम म्हणजे कोण?

जून 1965 मध्ये पहिली एलपी निघाली, ‘द अँग्री यंग देम’. या रागीट, उद्धट प्रतिमेचा त्यांना जाच झाला. मुलाखतीला आलेल्या पत्रकारांशी ते धड बोलत नसत, एका शब्दात उत्तरं देत, आणि आयरिश वर्तमानपत्रांतूनही त्यांच्या असभ्यपणावर टीका झाली. प्रतिमा विकायला सोपी होती म्हणून ती वाढवली गेली. पण ती पोरं खरोखरच अवघडलेली होती. बेलफास्टच्या बोलीत बोलणारी, लंडनमध्ये परकी, आणि रोज रात्री वेगळ्या गावात अर्धा तास वाजवून पुढच्या गावाला जाणारी. तिथली गर्दी आलेली असे रेडिओवर ऐकलेल्या दोन गाण्यांसाठी. वीस मिनिटांचं ‘ग्लोरिया’ तिला नको होतं. ज्या शोबँडच्या पद्धतीपासून पळून मॉरिसन मॅरिटाइमला आला होता, तीच पद्धत दुसऱ्या दारानं परत आली. रेकॉर्डसारखं वाजवा!

त्याच उन्हाळ्यात हॅरिसन बाहेर पडला. माझ्या मते देमचा खरा शेवट इथं झाला. बाकी माणसं इतक्या वेगानं आली आणि गेली की यादी वाचताना दमायला होतं: पॅट्रिक मॅकॉली कीबोर्डवरून ड्रमवर गेला, त्याचा भाऊ जॅकी कीबोर्डवर आला, मग पीटर बार्डेन्स आला, तोही गेला. जिम आर्मस्ट्राँग गिटारवर आला, रे एलियट सॅक्सोफोन आणि कीबोर्डवर, ड्रमवर सतरा-अठरा वर्षांचा जॉन विल्सन, नंतर डेव्हिड हार्वी. मूळच्या पाचांपैकी उरले दोघे, मॉरिसन आणि हेंडरसन. वादक म्हणून नवी मंडळी पहिल्यांपेक्षा सरस होती, आर्मस्ट्राँग तर फारच. पण बँड कसबानंच चालत असता, तर डेक्काचे पगारी वादक जगातला सर्वांत मोठा बँड ठरले असते.

बाहेर पडलेल्यांनाही नाव सोडवेना, आणि का सोडावं? मॅकॉली बंधूंनी वेगळा बँड काढला, नावावरून तंटा झाला, आणि शेवटी ‘बेलफास्ट जिप्सीज’ या नावानं त्यांच्या तबकड्या आल्या. स्वीडनमध्ये निघालेल्या एलपीवर तर ‘देम बेलफास्ट जिप्सीज’ असंच छापलं गेलं. देम कोण, या जाहिरातीतल्या प्रश्नाला दीड वर्षात भांडणाचं रूप आलं.

या पडझडीतही संगीत उत्तम निघत होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. ‘मिस्टिक आइज’ ऐका. स्टुडिओत सहज छेडलेली धून, मॉरिसनचा हार्मोनिका सुसाट, बँड मागे धावतो आहे, आणि कितीतरी वेळ गेल्यावर तो अचानक गायला लागतो. मुळात ही लांबलचक मस्ती होती, तबकडीसाठी ती पावणेतीन मिनिटांवर आणली. देमच्या सगळ्या रेकॉर्डमध्ये मॅरिटाइमच्या सर्वांत जवळ जाणारी हीच असावी, असं मला नेहमी वाटतं. अमेरिकेत ती तेहतिसाव्या क्रमांकावर गेली, ब्रिटनमध्ये कुणी विचारलं नाही. दुसऱ्या एलपीवर बॉब डिलनचं ‘इट्स ऑल ओव्हर नाउ, बेबी ब्लू’ त्यांनी असं गायलं आहे की मूळ गाणं काही काळ आठवत नाही.

आणि ‘ग्लोरिया’? अमेरिकेत पोरगी खोलीत येते या ओळीवर काही रेडिओ केंद्रांनी नाक मुरडलं. शिकागोच्या शॅडोज ऑफ नाइट या बँडनं ओळ सौम्य केली आणि 1966 मध्ये गाणं दहाव्या क्रमांकावर नेलं. मूळ रेकॉर्ड तिथं एकाहत्तराच्या वर गेली नाही.

कॅलिफोर्निया

30 मे 1966 पासून लॉस एंजेलिसच्या व्हिस्की ए गो गो क्लबमध्ये देमचा तीन आठवड्यांचा मुक्काम होता. ही जागा छोटी, रोज रात्री तीच. म्हणजे मॅरिटाइमनंतर पहिल्यांदाच बँडला एका खोलीत मुरायची संधी मिळाली, आणि बघा, लगेच गाडी रुळावर आली. देमच्या आधी वाजवणारा स्थानिक बँड होता डोअर्स, तेव्हा अजून एकही रेकॉर्ड न निघालेला. त्यांचा गायक जिम मॉरिसन रोज आपल्या आडनावबंधूला मंचावर पाहत होता. गाण्याच्या मध्ये बोलणं, ओळी रचणं, वाद्यं वाजत असताना ड्रमजवळ उकिडवं बसणं. शेवटच्या रात्री, 18 जूनला, दोन्ही बँड एकत्र मंचावर आले. दोन मॉरिसन, आणि ‘ग्लोरिया’. डोअर्सनं ते गाणं पुढे वर्षानुवर्षं गायलं. माझ्या मित्राला ते डोअर्सचं का वाटलं, याचा उगम तिथं आहे.

दौरा पुढे सॅन फ्रान्सिस्को, हवाईपर्यंत गेला. हॉल भरत होते आणि हाती काही लागत नव्हतं. पैशांच्या हिशोबावरून मॅनेजरशी वाद झाला, तो चिघळला. कामाचे व्हिसा संपत आले. मंडळी खचून घरी परतली. आयर्लंडमध्ये आणखी दोन कार्यक्रम झाले आणि खेळ आटोपला. मॉरिसन हिंडफर्ड स्ट्रीटवर आईवडिलांच्या घरी.

मग दोष कुणाचा?

स्टोन्सशी तुलना करून पाहू. तीच डेक्का, तेच डिक रो, तेच ब्लूज, आणि तशीच उद्धट प्रतिमा. पण स्टोन्सच्या मॅनेजरांनी रेकॉर्डिंग स्वतः करून टेप कंपनीला भाड्यानं द्यायची व्यवस्था केली होती. कुठलं गाणं, कुणी वाजवायचं, यावर त्यांचा ताबा होता. ड्रमवर चार्ली वॉट्सच असे. शिवाय ते लंडनचेच, कार्यक्रम संपला की घरी. देमकडे यातलं काहीच नव्हतं. अकरा आठवड्यांच्या बँडला समुद्र ओलांडून नेलं, त्याचं घर सुटलं, त्याचे वादक बदलले, त्याचं गाणं दुसऱ्याला दिलं. मुलं विशीच्या आतबाहेरची. करारातली कलमं त्यांना कुणी समजावली नाहीत आणि त्यांनीही विचारलं नाही.

मॉरिसनला मी सगळ्यातून सोडवत नाही. तो सोबत काम करायला अवघड माणूस होता, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. हॅरिसन आणि तो यांच्यात म्होरकेपण कुणाचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. फिल सॉलोमन नसते तर बेलफास्टबाहेर हे नाव कुणी ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं. तरीसुद्धा माणसांचे स्वभाव हे कारण मला दुय्यम वाटतं. कारण काही वर्षांत त्याच शहरात, त्याच हॉलमध्ये तेच पुन्हा घडलं, आणि तेव्हा माणसं वेगळी होती. कॉर्कच्या रोरी गॅलाघरचा ‘टेस्ट’ हा बँड मॅरिटाइममध्येच नावारूपाला आला. 1968 पासून त्याचा ड्रमवाला होता जॉन विल्सन, देममधून गेलेला तोच पोरगा. 1970 मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात लाखोंच्या समुदायानं टेस्टला पुन्हा पुन्हा मंचावर परत येऊन वाजवायला भाग पाडलं. वर्ष संपता संपता बँड फुटला होता, आणि भांडण पैशांवरून, व्यवस्थापनावरून. शांत, सज्जन म्हणून ओळखला जाणारा गॅलाघर आणि तिरसट म्हणून ओळखला जाणारा मॉरिसन, दोघांच्या बँडांचा शेवट एकाच जागी यावा, यात स्वभावाला किती दोष देणार?

नंतर

मॉरिसनला न्यूयॉर्कहून बर्ट बर्न्सनं बोलावलं. 1967 मध्ये ‘ब्राउन आइड गर्ल’ अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर गेलं, आणि करार पुन्हा न वाचता सही केलेला. त्यातून सुटायला त्याला तीसेक फालतू तुकडे एका बैठकीत गाऊन द्यावे लागले. मग 1968 च्या शरदात जॅझच्या वादकांना घेऊन त्यानं ‘ॲस्ट्रल वीक्स’ ही एलपी केली. तिथं गाणी पुन्हा सात-आठ-नऊ मिनिटांची झाली, कुणी घड्याळ बघेना. आणि त्या गाण्यांत रस्ते आहेत ते बेलफास्टचे.

बार्डेन्सनं ‘कॅमल’ हा बँड उभारला. रिक्सन, ज्याला घरच्यांनी सही दिली नव्हती, तो ‘थिन लिझी’च्या पहिल्या फळीत होता, आणि तिथूनही तो बँड मोठा व्हायच्या आधीच बाहेर पडला. हॅरिसन, रिक्सन आणि हेंडरसन 1979 मध्ये देम या नावानं पुन्हा एकत्र आले, एक एलपी काढली, फार काही झालं नाही. मॅरिटाइमची इमारत पाडली गेली.

हेंडरसनबद्दल सांगायचं राहिलं. गॅम्बलर्सपासून तो होता. मॅरिटाइममध्ये होता, डेक्काच्या स्टुडिओत होता, वेम्ब्लीला होता, व्हिस्की ए गो गोच्या मंचावर होता. 1966 मध्ये बँड फुटल्यावर त्यानं आर्मस्ट्राँग, एलियट आणि हार्वी यांना धरून ठेवलं, केनी मॅकडॉवेल हा नवा गायक घेतला आणि सगळ्यांना परत अमेरिकेला नेलं. टेक्सासमध्ये राहून त्यांनी 1968 मध्ये देम या नावानं दोन एलपी केल्या. आर्मस्ट्राँगची गिटार त्यांत लखलखते, पण फारशा विकल्या गेल्या नाहीत. एकेक जण मायदेशी परतला. हेंडरसननं नवे वादक घेऊन त्याच नावानं आणखी रेकॉर्ड केल्या. मग तो अमेरिकेतच स्थायिक झाला. 2017 मध्ये तो गेला. ‘ग्लोरिया’मध्ये ई, डी, ए च्या खाली जो बेस चालतो आहे तो त्याचा आहे, आणि त्याबद्दल कधी कुणी वाद घातला नाही.